प्रक्षेपक-यंत्र आणि त्याचा राखणदार



चित्रपटाच्या इतिहासाचीं पुस्तकें उघडून पाहिलीं तर त्यांत दिग्दर्शक भेटतात, नटनटी भेटतात, गायक व छायालेखक भेटतात, क्वचित् एखादा भांडवलवालाही भेटतो. ज्या माणसानें तें चित्र दररोज तीन-चार वेळां पडद्यावर प्रत्यक्ष उभें केलें, त्याची मात्र गांठ पडत नाहीं. तो प्रेक्षकांच्या पाठीमागें, उंचावरच्या एका कोंदट खोलींत असे. त्या खोलीला आमच्याकडे केबिन म्हणत आणि त्या माणसाला ऑपरेटर. त्याच्याकडे मान वळवून पाहण्याची पाळी प्रेक्षकांवर एकाच प्रसंगीं येई, व तो प्रसंग म्हणजे चित्र बिघडण्याचा. आजचें माझें भाषण त्या केबिनीविषयीं, तींतील प्रक्षेपक-यंत्राविषयीं आणि त्या यंत्राच्या निगराणीविषयीं आहे.

प्रथम या यंत्रापासून अपेक्षा काय होती तें पाहूं. पडद्यावर चित्र हलतें असें आपण म्हणतों. पण वस्तुतः तेथें हलणारें असें कांहींच नसतें. फितीवर एकाखालीं एक अशीं स्थिर चित्रें असतात. त्यांतील एक चित्र भिंगासमोर आणावयाचें, तेथें तें निश्चल धरावयाचें, त्यांतून प्रकाश जाऊं द्यावयाचा, मग प्रकाश झांकून फीत एका चित्राइतकी खालीं ओढावयाची आणि पुन्हां निश्चल धरावयाची. बोलपटांत हें सेकंदाला २४ वेळां घडे. अडीच तासांच्या एका खेळाला अशीं २,१६,००० चित्रें लागत. म्हणजे एका खेळांत फीत तितक्या वेळां हिसडा खाऊन थांबे. चालती वस्तु झटकन् थांबविणें हें कोणत्याही यंत्राला झिजविणारें काम आहे. एवढी गोष्ट ध्यानांत ठेवली म्हणजे पुढच्या साऱ्या देखभालीचें मर्म कळतें.

फ्रान्समधील ल्युमिएर बंधूंनीं १८९५ सालीं हें कोडें सोडविलें तें शिवणयंत्राकडे पाहून, असें सांगतात. शिवणयंत्रांत सुई वर असतांना कापड पुढें सरकतें व सुई खालीं येतांच थांबतें. त्याच धर्तीवर त्यांनीं दोन अंकुशांची योजना केली. ते फितीच्या कडेच्या छिद्रांत शिरून तिला खालीं ओढीत व मागें सरून मोकळी करीत. २८ डिसेंबर १८९५ रोजीं पॅरिस येथें त्यांचा जाहीर खेळ झाला आणि पुरते सात महिने लोटण्यापूर्वीं, ७ जुलै १८९६ रोजीं, मुंबईच्या वॉटसन हॉटेलांत त्याच यंत्राचा खेळ झाला. यंत्र हातानें फिरवावयाचें; दाखवून झालेली फीत गुंडाळून घेण्याची सोय नसे, ती खालच्या झोळींत पडे. दिव्याचा प्रकाश एकवटण्यासाठीं पाण्यानें भरलेला कांचेचा चंबू वापरीत. या चंबूची मला फार मौज वाटते. पाणी दिव्याची आंच शोषून घेई. आणि चंबू फुटलाच तर प्रकाश विखरून जाई व फितीवर एकवटलेली उष्णता आपोआप नाहींशी होई. पुढें अर्धशतकभर केबिनीला ज्या संकटाशीं झुंजावें लागलें, त्याचा विचार त्या पहिल्याच यंत्रांत झालेला होता.

तें संकट म्हणजे आग. त्या काळची फीत नायट्रेटची असे. हा पदार्थ बंदुकीच्या कापसाचा सख्खा भाऊच होय. जळतांना लागणारा प्राणवायु तो आपल्याच अंगांतून पुरवितो. म्हणून पेटलेली फीत पाण्यांत बुडविली तरी विझत नाहीं. अशी वस्तु जळत्या दिव्यापासून हात-दीड हातावरून न्यावयाची ! तथापि पहिला मोठा घात फितीनें केला नाहीं, दिव्यानें केला. ४ मे १८९७ रोजीं पॅरिसमधील एका धर्मादाय बाजारांत चलच्चित्रांचा खेळ चालू होता. दिवा ईथर व प्राणवायु यांवर जळणारा होता. ईथर संपलें म्हणून तें पुन्हां भरावयास घेतलें. खोलींत अंधार होता. तेवढ्यांत उजेडासाठीं काडी ओढली गेली. लांकूड, कापड आणि रंगविलेले पडदे यांनीं उभारलेला तो मंडप कांहीं मिनिटांत भस्मसात् झाला. १२६ माणसें दगावलीं. त्यांत बहुतेक स्त्रिया होत्या.

यंत्र प्रेक्षकांपासून तोडून निराळ्या अग्निरोधक खोलींत ठेवावें, हा विचार अशा अनर्थांतून दृढ झाला. इंग्लंडांत १९०९ सालीं तसा कायदा झाला. हिंदुस्थानांत १९१८ च्या सिनेमॅटोग्राफ कायद्यानें चित्रगृहाला परवाना आवश्यक केला. केबिनीच्या झरोक्यांना लोखंडी झांपा आल्या, फितीच्या पेट्या बंद झाल्या, आणि यंत्राचा वेग मंदावतांच दिव्यापुढें आपोआप पडणारी झडप आली. कारण, दिव्यासमोर फीत धांवत असते तोंवर ती वांचते; थबकून राहिली कीं क्षणांत पेटते. तरीही १९२९ च्या ३१ डिसेंबरला स्कॉटलंडमधील पेस्ली गांवीं जें घडलें तें वाचून माझ्यासारख्या मास्तराच्या अंगावर कांटा येतो. ग्लेन सिनेमांत मुलांचा दुपारचा खेळ होता. फितीच्या एका डब्यांतून धूर निघूं लागला. आग अशी पसरलीच नाहीं. पण धूर सभागृहांत शिरला, मुलें बाहेर धांवलीं, आणि बाहेरचें जाळीचें दार बंद होतें. सुमारें ७० मुलें चेंगरून व गुदमरून गेलीं.

१९५० च्या सुमारास न भडकणारी फीत प्रचारांत आली आणि नायट्रेटचें युग संपलें. संपलें म्हणावयाचें एवढेंच. जुने सांठे होते तसेच राहिले, आणि २००३ च्या जानेवारींत पुण्यास अशाच जुन्या फितींच्या कोठाराला आग लागून आपल्या मूकपटांचा व आरंभींच्या बोलपटांचा मोठा ठेवा गेला.

आतां मूळ मुद्द्याकडे, म्हणजे फीत थांबविण्याच्या युक्तीकडे वळूं. ल्युमिएरच्या अंकुशांनीं फितीचीं छिद्रें फाटत. त्यांच्या जागीं चित्रगृहांच्या यंत्रांत जी रचना स्थिरावली, ती घड्याळजींच्या ओळखीची होती. बर्लिनच्या ओस्कार मेस्टर यानें १८९६ पासून तिचा उपयोग केला. एक चार खांचांचें पोलादी चाक असतें, माल्टाच्या क्रूसासारखें दिसणारें. त्याशेजारीं एक गोल तबकडी फिरत असते व तिच्या कडेला एक खुंटी असते. तबकडी सतत फिरते. खुंटी फेऱ्याच्या चौथ्या भागांत खांचेंत शिरून क्रॉसला पाव फेरा देते आणि उरलेल्या पाऊण फेऱ्यांत क्रॉस जागच्या जागीं जखडून राहतो. क्रॉसच्या दांड्यावर १६ दांत्यांचें चाक असतें. पाव फेऱ्याला चार दांते, चार दांत्यांना फितीचीं चार छिद्रें, आणि चार छिद्रांना बरोबर एक चित्र. हिशेब मांडला तर सेकंदाच्या ९६ व्या भागांत फीत सरकते आणि त्याच्या तिप्पट वेळ स्वस्थ राहते. गणिताच्या तासाला याहून सुंदर उदाहरण मला सांपडलें नाहीं.

पण हें गणित पोलादावर लिहिलेलें होतें, आणि पोलाद झिजतें. चित्राची रुंदी सुमारें २१ मिलिमीटर आणि पडदा २० फुटी. म्हणजे चित्र जवळजवळ २९० पट मोठें होई. क्रॉसच्या खांचेंत केसाएवढी, मिलिमीटरच्या दहाव्या भागाइतकी ढिलाई आली, तर पडद्यावर नायिकेचें कपाळ इंचाहून अधिक थरथरे. म्हणून क्रॉस तेलानें भरलेल्या बंद डबींत ठेवीत. तेल कमी झालें तर क्रॉस खडखडे; आणि डबीच्या वेष्टणांतून पाझरलें तर तें फितीवर येऊन चित्राला डाग व आवाजाला खरखर देई.

या यंत्रविद्येचा आपल्या महाराष्ट्राशीं एक जिव्हाळ्याचा संबंध आहे. कोल्हापूरचे आनंदराव व बाबूराव पेंटर हे बंधु नाटकांचे पडदे रंगवीत. १९१३ सालीं फाळके यांचा ‘राजा हरिश्चंद्र’ पाहिल्यानंतर त्यांना या विद्येचें वेड लागलें. त्यांनीं मुंबईच्या जुन्या बाजारांतून एक प्रक्षेपक-यंत्र विकत आणलें, त्यावर खेळ दाखविले आणि दाखवितां दाखवितां तें अभ्यासिलें. चित्र टिपणारा कॅमेरा व चित्र दाखविणारें यंत्र यांचें हृदय एकच, फीत थांबविणें ! आनंदराव कॅमेरा जुळविण्याच्या खटपटींत असतांनाच १९१६ सालीं निवर्तले. बाबूरावांनीं विष्णुपंत दामले यांच्या साह्यानें तो १९१८ त पुरा केला आणि १९२० सालीं ‘सैरंध्री’ पडद्यावर आला. पुढें ‘प्रभात’ चित्रसंस्थेच्या संस्थापकांत हेच दामले होते. कोल्हापूरच्या चित्रसृष्टीचा पाया एका जुन्या, खोलून पुन्हां जोडलेल्या प्रक्षेपक-यंत्रावर घातला गेला, असें म्हणावयास मला मुळींच संकोच वाटत नाहीं.

मूकपटांच्या काळीं वेग ऑपरेटरच्या मनगटांत असे. रात्रीं उशीर झाला कीं तो दांडा भरभर फिरवी आणि पडद्यावरील राजेरजवाडे लगबगीनें धांवूं लागत. १४ मार्च १९३१ रोजीं मुंबईच्या मॅजेस्टिकमध्यें ‘आलम आरा’ लागला आणि बोलपटाबरोबर ही मोकळीक गेली. ध्वनीला वेग ठरलेलाच हवा. शिवाय एक नवीन पेंच आला. ध्वनीची रेघ त्याच फितीच्या कडेला छापलेली. तिच्यावर एका लहान दिव्याचा बारीक किरण पडे व पलीकडच्या प्रकाशविद्युत्-नळींतून त्याचा आवाज होई. पण भिंगासमोर फीत धक्के खात थांबली पाहिजे, आणि ध्वनीच्या दिव्यासमोर तीच फीत तेलाच्या धारेसारखी अखंड वाहिली पाहिजे ! यावर उपाय असा कीं ध्वनि चित्राच्या २० चौकटी, म्हणजे सुमारें सवा फूट पुढें छापावयाचा आणि मधल्या अंतरांत फितीला एक ढिला फेरा ठेवावयाचा. यालाच लूप म्हणत. लूप लहान झाला तर फीत तुटे. मोठा झाला तर पात्राचे ओंठ आणि शब्द यांची फारकत होई. किरण किंचित् कडेला सरकून छिद्रांवर पडला तर सेकंदाला ९६ छिद्रांचा घर्र घर्र असा आवाज गाण्यांतून ऐकूं येई.

हें सारें मी पुस्तकांतून नंतर वाचलें. पाहिलें मात्र आधीं. १९७३ व १९७४ सालच्या उन्हाळ्याच्या सुटींत मी आमच्या गांवच्या चित्रगृहाच्या केबिनींत हरकाम्या होतों. शाळेची फी आणि पुस्तकें त्यांतून निघत. तेथील ऑपरेटरांना आम्ही सारीं मुलें मामा म्हणत असूं. त्यांचें शिक्षण चौथीपर्यंतचें. सकाळीं येतांच ते यंत्राचें गेट उघडीत. फीत ज्या चौकटींतून सरके ती चौकट म्हणजे गेट. नव्या फितीचा मसाला उष्णतेनें सुटून तेथें खड्यासारखा घट्ट बसे. तो काढण्यास ते पितळेची पट्टी वापरीत. मीं एकदां घाईंत स्क्रूड्रायव्हर उचलला तेव्हां त्यांनीं माझा हात धरला व म्हणाले, “लोखंड लावूं नकोस रे. गेटाला एक ओरखडा पडला, तर ही फिल्म इथून ज्या ज्या गांवाला जाईल, तिथं तिथं तो दिसल.”

दुसरें काम फीत तपासण्याचें. आमच्या गांवीं येणारी प्रत अनेक गांवें फिरून आलेली असे. मामा प्रत्येक रीळ हातानें गुंडाळीत आणि दोन्ही कडा अंगठा व बोट यांच्या चिमटींतून जाऊं देत. डोळे कोठेंही असोत, फाटलेलें छिद्र बोटाला कळे. तेवढा तुकडा कापून, मसाला खरवडून, दोन्ही टोकें द्रावण लावून जोडीत. मग गेटाच्या स्प्रिंगचा ताण पाहावयाचा : सैल असेल तर चित्र नाचे, घट्ट असेल तर फितीचीं छिद्रें झिजत. शेवटीं शटरची पाळी. काळ्या पार्श्वभूमीवरील पांढऱ्या श्रेयनामावलीला वरच्या किंवा खालच्या अंगाला शेपट्या फुटलेल्या दिसल्या, कीं शटर वेळेवर झांकत नाहीं असें समजावयाचें.

आणि दिवा ! कार्बनच्या दोन कांड्यांमध्यें विजेची कमान पेटे. जाड धन कांडीच्या टोंकाला जो खळगा पडे तोच खरा दिवा. त्याची उष्णता साडेतीन हजार अंशांच्या घरांत. मागच्या आरशानें तो प्रकाश गेटावर एकवटे. कांड्या जळून आंखूड होत. त्या पुढें सारण्यास यंत्र असे, पण आमचें यंत्र म्हातारें होतें व विजेचा दाब कधीं स्थिर नसे. म्हणून काळ्या कांचेच्या झरोक्यांतून कांड्यांकडे पाहत राहून, मुठी फिरवून त्यांतील अंतर राखावें लागे. अंतर वाढलें कीं पडद्यावर निळसर छटा येई आणि मग दिवा फडफडून विझे.

एका रात्रीं शांतारामबापूंचा ‘पिंजरा’ चालू होता. मामा सबंध दिवस जेवले नव्हते. नवीन रीळ सुरू होतांच ते मला म्हणाले, “वीस मिनिटं कार्बन संभाळ. दुसरीकडं बघूं नकोस.” मी दुसरीकडे पाहिलें. केबिनीच्या झरोक्यांतून पडदा दिसत होता, आणि माझें वय चौदा वर्षांचें. कांड्यांतील अंतर वाढत गेलें, प्रकाश निळा पडला, व सारें सभागृह अंधारांत बुडालें. खालून शिट्ट्या, खुर्च्यांचे आवाज, आणि मामांच्या नांवानें शिव्या. ते जिना चढून आले. हाताला खरकटें तसेंच होतें. मला एका बाजूला सारून त्यांनीं कांड्या भिडविल्या, मागें घेतल्या, दिवा धरला. माझ्याकडे त्यांनीं पाहिलेंही नाहीं. थोड्या वेळानें मालक वर आले. मामा त्यांना म्हणाले, “कार्बन ओला होता.”

आठवड्याचे पैसे वांटले तेव्हां मामांचा एक दिवसाचा पगार कापलेला मला दिसला. खरें काय घडलें तें मी मालकांना तेव्हां सांगितलें नाहीं, नंतरही नाहीं. आज आकाशवाणीवरून सांगत आहें. ते मालक गेले, मामाही १९९४ सालीं गेले.

मामांची मालकांकडे दर वर्षीं एकच मागणी असे : नवा क्रॉस. चौथें चौथें चित्र उडतें, असें ते म्हणत. मालकांना तें दिसत नसे. खरें सांगावयाचें तर मलाही दिसत नसे. खर्च टळत गेला.

पुढें मोठ्या शहरांत कार्बनच्या जागीं झेनॉन वायूचे दिवे आले. ते आपोआप जळत राहत; पण त्यांतील वायु इतक्या दाबाखालीं असतो कीं दिवा बदलतांना तोंडावर जाळी व हातांत जाड मोजे घालावे लागत. आमच्या गांवीं तेही उशिरां आले. मग २०१० नंतरच्या कांहीं वर्षांत, देशभर झालें तसें आमच्याकडेही, चित्र उपग्रहावरून किंवा पेटींतून येऊं लागलें. फीतच नाहीं, तेव्हां ती थांबवावयाची तरी कशाला ? तेथेंही निगराणी असतेच. गाळण्यांतील धूळ काढावी लागते, दिवा बदलावा लागतो. तें काम हलकें आहे असें मी म्हणणार नाहीं. पण मामांच्या बोटांना ठाऊक होतें त्यांतलें त्या यंत्राला फारसें कांहीं लागत नाहीं.

२०१३ सालीं आमच्या चित्रगृहांतील दोन्ही जुनीं यंत्रें भंगारांत वजनावर विकलीं गेलीं. मी तेव्हां शाळेंतच होतों. भंगारवाल्याच्या अंगणांत जाऊन मीं क्रॉसची डबी मागितली. ती वजनांत भरण्यासारखी नव्हती, म्हणून त्यानें पैसे घेतले नाहींत. तो क्रॉस व ती खुंटीची तबकडी एका फळीवर बसवून मीं निवृत्त होईपर्यंत वर्गांत दाखविली. मुलें तबकडी फिरवीत आणि क्रॉस किती वेळ थांबतो तें मोजीत.

ती फळी आतां माझ्या टेबलावर आहे. क्रॉसच्या चार खांचांपैकीं तीन नितळ आहेत. चौथीच्या कडेवरून नख फिरविलें कीं तें अडतें. गेटाची स्प्रिंग मामा नेहमीं अर्धा आटा जास्त आंवळून ठेवीत, ती कशासाठीं, तें मला त्या दिवशीं अंगणांत कळलें.